नोंदवही उत्तम, सल्लागार कच्चा : बाळाच्या दिनक्रमाचे ॲप पाच महिने वापरल्यानंतर

बाळाचे दूध, झोप, लंगोट आणि तापमान यांच्या नोंदी ठेवणारे हे ॲप मी बाळ दोन आठवड्यांचे असल्यापासून वापरते आहे. आता ते साडेपाच महिन्यांचे आहे. बाळाचे वागणे बदलले, तर तो बदल डॉक्टरांना कळवण्याइतका आहे की नाही, हे रात्री दोन वाजताही ठरवता यावे, एवढ्याचसाठी मी ते घेतले आणि ॲपच्या वर्णनातही हेच आश्वासन होते. त्यामुळे अंगाईगीते, फोटोंचा संग्रह वगैरे सोयींबद्दल येथे काही लिहीत नाही.

नोंदींचा भाग मनापासून आवडला. पहिल्या महिन्यात बाळाचे ‘नेहमीचे’ वागणे कोणते, हे आपल्यालाच ठाऊक नसते आणि ते ठाऊक नसेल तर बदल ओळखायचा कशावरून? हे ॲप गेल्या चोवीस तासांची तुलना त्याच बाळाच्या मागील सात दिवसांशी करून दाखवते. नोंदी घरातील सर्वांच्या फोनवर एकत्र दिसत असल्यामुळे, लंगोट मी बदलला की सासूबाईंनी, हा घोळ संपला. पहिला आठवडा सरल्यावर दिवसाला सहा किंवा त्याहून अधिक ओले लंगोट हे दूध पुरेसे मिळत असल्याचे लक्षण मानतात. आमच्याकडे ते सात-आठ होत. सहाव्या आठवड्यात बाळ संध्याकाळी तास-दीड तास रडू लागले, तेव्हा आम्ही घाबरलो होतो. मात्र आलेखात दूध, लघवी आणि झोप जिथल्या तिथे होती, उचलून घेतल्यावर बाळ काही काळ शांत होत होते आणि या वयात रडण्याचे प्रमाण सर्वाधिक असते हेही वाचलेले होते. त्यामुळे रात्री-अपरात्री फोन न करता मी दुसऱ्या दिवशी ठरलेल्या भेटीत विचारले. पुढच्या काही आठवड्यांत रडणे आपोआप ओसरले.

‘डॉक्टरांना कळवावे का?’ या विभागाबद्दल मात्र माझी गंभीर तक्रार आहे.

बाळ नऊ आठवड्यांचे असताना एका दुपारी ते फार शांत वाटू लागले. शांत बाळाबद्दल सहसा कोणी तक्रार करत नाही, आणि ॲपनेही केली नाही, कारण चोवीस तासांत आठ वेळा दूध घेतल्याची नोंद होती आणि तिच्यापुढे हिरवी खूण होती. ओळी उलगडून पाहिल्या तेव्हा लक्षात आले की, एरवी पंधरा-वीस मिनिटे पिणारे बाळ शेवटच्या चार वेळा पाच-सहा मिनिटांतच झोपी गेले होते आणि दर वेळी त्याला जागे करावे लागले होते. ओले लंगोट चारवर आले होते. लंगोट बदलताना रोज आकांत करणारे बाळ त्या दिवशी नुसते पडून होते, पण हे नोंदवायला ॲपमध्ये जागाच नव्हती. काखेत तापमान ३८.२ अंश सेल्सिअस भरले. ते नोंदवून सल्ला विचारला, तर ताप ३९ च्या खाली असल्याने घरीच लक्ष ठेवा, ताप उतरवण्याचे औषध द्या आणि चोवीस तासांनी पुन्हा पाहा, असे उत्तर आले.

मोठ्या मुलाच्या बाबतीत हा सल्ला कदाचित चालून गेला असता. तीन महिन्यांच्या आतील बाळाला ३८ अंश, म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप असेल, तर ते वरवर ठीक दिसत असले तरी लगेच डॉक्टरांना कळवायचे असते आणि त्यांना विचारल्याशिवाय तापाचे औषधही द्यायचे नसते. दर महिन्याला बाळाला न चुकता वाढदिवसाच्या शुभेच्छा देणाऱ्या ॲपला सल्ला देताना तीच जन्मतारीख आठवू नये, हे मला अक्षम्य वाटते. डॉक्टरांनी फोनवर पहिला प्रश्न वयाचा विचारला, दुसरा ‘आज नेहमीपेक्षा वेगळे काय आहे?’ हा, आणि लगेच घेऊन येण्यास सांगितले. तपासणीत मूत्रमार्गाचा संसर्ग निघाला. काही दिवस रुग्णालयात उपचार झाले आणि बाळ पूर्ण बरे झाले. तेथे ॲपमधील दुधाच्या वेळांचा तक्ता डॉक्टरांनी बारकाईने पाहिला, हेही नमूद केले पाहिजे.

श्वास मोजण्याची सोयही सदोष आहे. ती पंधरा सेकंद मोजून चौपट करते. लहान बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. काही श्वास भरभर होतात आणि मध्येच काही सेकंदांची विश्रांती येते, म्हणून पूर्ण मिनिट मोजावे लागते. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा अधिक आणि त्यानंतर वर्षापर्यंत ५० किंवा अधिक श्वास वेगवान समजले जातात. पंधरा सेकंदांत दोन श्वास चुकले, तर उत्तर आठने बदलते. उलट, दीड महिन्यानंतर केवळ अंगावर पिणाऱ्या बाळाला काही दिवस शौचाला न होणे बहुधा चिंतेचे नसते, तरी त्यासाठी रोज लाल खूण येते. आठवडाभरात मी लाल खुणांकडे पाहणेच सोडले होते.

ओठ निळसर होणे, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जाणे, झटके येणे, हलवूनही जागे न होणे, हिरवी उलटी होणे यांसाठी कोणतीही नोंद पुरी करत बसायचे नसते. या गोष्टी पहिल्याच पडद्यावर हव्या होत्या. येथे त्या आठ प्रश्नांनंतर येतात.

नोंदींसाठी पाचपैकी चार तारे, सल्ल्यासाठी एक. मी सल्ल्याचा विभाग बंद केला असून दुधाच्या नोंदीत ‘स्वतः जागे झाले की उठवावे लागले’ हे टिपणाच्या रकान्यात हाताने लिहिते. वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या पालकांनी एवढे जाणून घ्यावे की, प्रसूतीची अपेक्षित तारीख भरण्याची सोय यात नाही.