इन्हेरिटन्स की कंपोझिशन?

नागपूरला परसोडीच्या आयटी पार्कमधल्या एका ज्युनिअरचा प्रश्न: "दादा, कळमना मार्केटच्या अडत्यांसाठी बिलिंग लिहितोय. संत्रा, मिरची, धान्य, तिन्ही बिलांच्या क्लासमध्ये हमालीचा तोच कोड आहे. बेस क्लास काढू की हिशेबच वेगळा करू?"

लिहायला इन्हेरिटन्स सोपं, म्हणजे सामाईक कोड एका बेस क्लासमध्ये ठेवून बाकीच्या क्लासनी तो वारशाने घ्यायचा. 'बिल' या बेस क्लासमध्ये मेथड टाकायची, बाकीचे एक्स्टेंड करतात. कंपोझिशन म्हणजे हमालीचा हिशेब वेगळ्या क्लासमध्ये ठेवून तो बिलाला जोडायचा. त्याला इंटरफेस (कोणत्या मेथड हव्यात याची यादी) हवा, बिल तयार करताना कन्स्ट्रक्टरमधून हमालीचा ऑब्जेक्ट द्यावा लागतो. थोडं जास्त टायपिंग, बस.

खरा फरक बदल आला की कळतो. उद्या संत्र्याची हमाली क्रेटवर आणि बाकीची पोत्यावर धरायची झाली, तर बेस क्लासमध्ये इफ-एल्स शिरतात. नाहीतर संत्र्याच्या क्लासमध्ये मेथड ओव्हरराइड होते, म्हणजे नव्याने लिहिली जाते, आणि संत्र्यासोबत क्रेटमधलाच दुसरा माल आला की तोच कोड पुन्हा चिकटवला जातो. कंपोझिशनमध्ये 'क्रेटहमाली' आणि 'पोतेहमाली' असे दोन क्लास. ज्या बिलाला जो लागेल तो द्या. शिवाय जावात एका क्लासला एकच बेस क्लास मिळतो. ती जागा हमालीवर घालवायची म्हणजे बाप्पा, महागच! जावा ८ पासून, म्हणजे २०१४ पासून, इंटरफेसमध्ये डिफॉल्ट मेथड, म्हणजे तयार कोडसकट मेथड, आल्या खऱ्या, पण हमालीचा दर ठेवायला इन्स्टन्स फील्ड (प्रत्येक ऑब्जेक्टची स्वतःची जागा) तिथे मिळत नाही.

टेस्टिंगलाही कंपोझिशन बरं, हमालीचा क्लास एकटा तपासता येतो.

बिल नंबर, तारीख, एकूण रक्कम प्रत्येक बिलात सारखीच असेल, तर ॲबस्ट्रॅक्ट (ज्याचा थेट ऑब्जेक्ट बनत नाही असा) बेस क्लास चालेल. मालागणिक बदलणारे हिशेब असतील, तर कंपोझिशनच घ्या. या ज्युनिअरला दोन्ही लागतील; हमाली मात्र बेस क्लासमध्ये नको.