मोटर बदलू की आस? ८ किलोच्या लढाऊ रोबोच्या ड्राइव्हचा तुलनात्मक आढावा

माझी भाची ऐरोलीला राहते, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या टीमचा पहिला ८ किलोचा रोबो पहिल्याच लढतीत दीड मिनिटात बसला. शस्त्राचा ड्रम फिरत होता, बॅटरी भरलेली होती, रिमोट लागत होता, फक्त डावं चाक फिरेना. उजवं चाक चालू राहिलं आणि रोबो जागच्या जागी गोल फिरत राहिला. गोल फिरणं हे चालणं धरत नाहीत. पंचांनी सेकंद मोजले आणि लढत संपली. दुसऱ्या दिवशी ती रोबो घेऊन वागळे इस्टेटला माझ्या गाळ्यावर आली. म्हणाली, "मामा, मोठ्या मोटरी घेऊया."

मी आधी ती मेलेली मोटर सोडवून हातात घेतली आणि तारा लावल्या. मोटर झकास फिरत होती. मेला होता तो गिअरबॉक्स. आतल्या एका गिअरचे चार दात उडालेले, आणि बाहेरचा ६ मिमीचा शाफ्ट डोळ्यांना दिसेल इतका वाकलेला. समोरच्या रोबोचा फटका बसला चाकाला. चाक थेट शाफ्टवर होतं, म्हणून तो फटका सरळ गिअरच्या दातांपर्यंत गेला.

तुमचाही रोबो असाच बसला असेल, तर खरेदीच्या आधी एवढं उघडून बघा. मोटर जळली असेल तर जळका वास येतो आणि तारा लावूनही ती हलत नाही. दात गेले असतील तर मोटर फिरते, चाक फिरत नाही. या दोन दुखण्यांची औषधं वेगळी आहेत.

आधी हिशोब

चाकाचा व्यास १०० मिमी असेल तर एका फेऱ्यात रोबो ३१४ मिमी पुढे जातो. ३०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ३०० फेऱ्यांना, हा वेग सेकंदाला १.५७ मीटर होतो. ५ मीटरचं रिंगण तीन-सव्वातीन सेकंदांत पार. नवख्या हाताला इतका वेग पुष्कळ झाला. ६०० आरपीएमला वेग दुप्पट होतो, पण भिंतीवर आदळण्याची ऊर्जा चौपट होते.

आता ताकद. दुसऱ्या रोबोला ढकलताना चाक घसरेपर्यंतचीच ताकद कामाची, त्यापुढे मोटर कितीही दांडगी असली तरी रबर जागेवर घासतं. दोन चाकांच्या रोबोचं पुढचं पातं जमिनीला टेकतं, म्हणून चाकांवर वजनाचा ७० टक्के भार धरू, म्हणजे ५.६ किलो. घर्षणांक ०.७ धरला तर पकड ३.९ किलोची. चाकाची त्रिज्या ५ सेंमी, म्हणून दोन्ही चाकांचा मिळून टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, साधारण २० किलो-सेंमी, एका चाकाला १०. मोटर अडून पूर्ण थांबली की सगळा करंट उष्णतेत जातो, तेव्हा थांबण्याच्या क्षणीचा टॉर्क, ज्याला स्टॉल टॉर्क म्हणतात, तो याच्या दुप्पट हवा. २० किलो-सेंमीची मोटर असली की चाक आधी घसरतं आणि मोटर वाचते. ८ किलोला याहून मोठ्या मोटरची गरज नाही. भाचीला हा हिशोब कागदावर करायला लावला, तेव्हा मोठ्या मोटरचा हट्ट आपोआप निवला.

चार मोटरी

जॉन्सन मोटर लॅमिंग्टन रोडवर सहज मिळते. १२ व्होल्ट, ३७ मिमीचा गोल गिअरबॉक्स, ६ मिमीचा शाफ्ट. १०० आरपीएमपासून १००० पर्यंत सगळे वेग त्याच बाह्य मापात येतात, त्यामुळे चासीला हात न लावता वेग बदलता येतो. स्पर्धेच्या आदल्या दिवशी एक मेली तरी ठाण्याहून ग्रँट रोडला जाऊन संध्याकाळपर्यंत परत येता येतं, आणि याची किंमत ज्यांच्यावर ती वेळ आलीय त्यांना विचारा. तिचं दुबळेपण गिअरमध्ये आहे. साधे गिअर असल्यामुळे कुठल्याही क्षणी सगळा भार एक-दोन दातांवर असतो.

ड्रिलची मोटर, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या ड्रिल मशीनमधून काढलेली. हिच्यात प्लॅनेटरी गिअरबॉक्स असतो. मधल्या गिअरभोवती तीन लहान गिअर फिरतात आणि भार तिघांत वाटला जातो. याच कारणाने ती फटका जास्त सोसते. बऱ्याच ड्रिलमध्ये दोन टप्प्यांत ३६:१ गुणोत्तर असतं. पण वापरण्याआधी तीन कामं करावी लागतात. एक, पुढचा क्लच कायमचा जाम करायचा, नाहीतर ऐन ढकलाढकलीत तो खटखट करत सुटतो. दोन, चक (बिट पकडणारं तोंड) काढताना आतला स्क्रू उलट्या आट्यांचा असतो, तो घड्याळाच्या दिशेने फिरवून काढायचा आणि चाक लावल्यावर तसाच स्क्रू परत बसवायचा. तो नसेल तर मोटर उलटी फिरल्यावर चाक सुटून येतं. तिसरं, ज्यावर बरेच जण फसतात: अनेक ड्रिल मोटरींचे ब्रश (फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) पुढच्या दिशेला जास्त वेग मिळावा असे किंचित वळवून बसवलेले असतात. रोबोत डावी मोटर एका दिशेने आणि उजवी उलट दिशेने फिरते, त्यामुळे रोबो सरळ जात नाही, एका बाजूला ओढतो. रिमोटमध्ये ते सावरता येतं, पण माहीत नसेल तर चासी वाकडी आहे म्हणून दोन दिवस फुकट जातात.

वायपर मोटर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांच्या सामानात मिळते आणि स्वस्त म्हणून मोह होतो. ती मिनिटाला पन्नास-साठ फेरे घेते. १०० मिमीच्या चाकाला ६० फेरे म्हणजे सेकंदाला ०.३१ मीटर, इतक्या संथ रोबोला पळताही येत नाही आणि अंगावर धावूनही जाता येत नाही. शिवाय बऱ्याच वायपर मोटरींत बाहेरची बॉडीच एक टोक असते. दिशा उलटवली की सगळ्या धातूच्या चासीत करंट. ८ किलोच्या रोबोसाठी ती मनातून काढून टाका.

ब्रशलेस मोटर वजनाच्या मानाने सगळ्यांत ताकदवान. १००० केव्हीची (केव्ही म्हणजे दर व्होल्टला मिळणारे आरपीएम, किलोव्होल्ट नव्हे) मोटर ४ सेलच्या, म्हणजे १४.८ व्होल्टच्या बॅटरीवर भाराशिवाय १४,८०० आरपीएमने फिरते, म्हणून पुढे ३५-४० पटींचं गुणोत्तर लागतं. कंट्रोलर, म्हणजे मोटरला हवी तेवढी वीज सोडणारं सर्किट, दोन्ही दिशांना चालणारा हवा. सेन्सर नसलेली मोटर अगदी हळू वेगात अडखळते, जागेवरून सुटताना झटके देते. सेटिंगने हे खूप कमी होतं, पण त्या सेटिंगला सराव लागतो. लहान वजनगटांत ब्रशलेस ड्राइव्ह आता सर्रास दिसतो. पहिली दुरुस्ती करणाऱ्याला मात्र मी ती सुचवणार नाही. यांत्रिक बिघाड आणि सेटिंगचा बिघाड एकाच वेळी शोधायची पाळी येते, आणि कुठलं काय ते कळत नाही.

चाक कशावर उभं आहे

या विषयात माझं सगळ्यांत ठाम मत इथेच आहे. बैलगाडीकडे बघा. आस फिरत नाही, चाक आसाभोवती फिरतं. ओझं आसावर असतं, बैल फक्त ओढतात. रोबोत चाक थेट मोटरच्या शाफ्टवर ठोकलं की आपण बैलांनाच ओझं वाहायला लावतो.

थेट चाकाचा फायदा खरा आहे: भाग कमी, वजन कमी, एका रविवारात बांधून होतं. तसंच ठेवायचं असेल तर निदान चाकाच्या बाहेरच्या बाजूला एक पट्टी उभी करून तिच्यात बेअरिंग बसवा आणि शाफ्टचं दुसरं टोक तिथे टेकवा. एका टोकाला लटकणारा शाफ्ट दोन्हीकडून धरला गेला की वाकणं खूप कमी होतं. चाक कठीण नायलॉनचं असेल तर जाड फोमचं किंवा मऊ रबराचं घ्या, अर्धा धक्का तेच गिळतं. हार्डवेअरच्या दुकानातलं गुळगुळीत ट्रॉलीचं चाक तर नकोच, त्याला पकडही नसते.

दुसरा मार्ग स्थिर आसाचा. १२ मिमीचा ईएन८ स्टीलचा गज चासीत दोन्ही टोकांना घट्ट बसवायचा, चाकाच्या हबमध्ये ६००१ नंबरची दोन बेअरिंगं घालायची (आतला व्यास १२ मिमी, बाहेरचा २८, रुंदी ८), आणि मोटरकडून चेन किंवा बेल्टने चाक फिरवायचं. व्यास ६ चा १२ झाला की वाकण्याविरुद्धची ताकद आठपट होते. चाकाला बसलेला फटका आसातून चासीत जातो, मोटरला फक्त चेनचा ताण जाणवतो.

आणखी एक फायदा आहे. ३०० आरपीएमची मोटर न घेता ५०० ची घ्या. मोटरवर १२ दातांचं आणि चाकावर १८ दातांचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) लावा. चाकाला ३३३ आरपीएम मिळतात, म्हणजे सेकंदाला १.७४ मीटर. चाकाला तोच १० किलो-सेंमी टॉर्क मिळताना मोटरच्या गिअरबॉक्सवर जेमतेम ६.७ येतो. शेवटची कपात नाजूक दातांऐवजी चेनच्या दणकट स्टीलवर होते. नवी ताकद यातून मिळत नाही, पण जे दात आमचे उडाले त्यांच्यावरचं ओझं एक तृतीयांशाने उतरतं.

चेन की बेल्ट? चेन ६.३५ मिमी पिचची (पिच म्हणजे शेजारच्या दोन दातांतलं अंतर) पुरते. ती फटक्याने सहसा तुटत नाही, पण दोन स्प्रॉकेट एका रेषेत नसतील तर हमखास उतरते, म्हणून पट्टी लावून तपासा आणि मोटरच्या भोकांना लांबट खाच ठेवा, ताण देता येतो. बेल्ट हलका, शांत, आणि जोरात धक्का बसला की एखादा दात उडी मारून गिअर वाचवतो. पण त्याला अंतर अचूक लागतं. दोन्ही पुल्या सारख्या असतील तर अंतर म्हणजे बेल्टच्या लांबीतून पुलीचे दात गुणिले पिच वजा करून निम्मं. ५ मिमी पिचचा ३०० मिमीचा बेल्ट आणि १५ दातांच्या पुल्या घेतल्या तर ११२.५ मिमी. हातड्रिलने भोकं पाडणार असाल तर चेनच घ्या. लेझर कटिंगने पत्रा कापून घेणार असाल तर बेल्ट उत्तम. स्प्रॉकेट, पुल्या, बेअरिंगं नागदेवी स्ट्रीटला एका फेरीत होतात.

स्प्रॉकेट शाफ्टवर नुसत्या ग्रब स्क्रूवर (बिनडोक्याच्या स्क्रूवर) सोडू नका. शाफ्टवर सपाट घासून स्क्रू तिथे बसवा, वर लॉकटाइट, म्हणजे आटे चिकटवणारा द्रव. आडवी पिन मारता आली तर सर्वांत चांगलं. गाळ्यावर येणाऱ्या रोबोंत तुटलेल्या गिअरइतकीच सुटलेले स्क्रू मी पाहिले आहेत.

चार चाकं केली तर सगळं वजन चाकांवर येतं, ढकलायला पकड वाढते, टॉर्कही प्रत्येक बाजूला १० ऐवजी १४ लागतो. वळताना चाकं आडवी घासतात, म्हणून पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर रुंदीपेक्षा कमी ठेवा. एक चाक गेलं तरी रोबो चालतो, हा दिलासा मोठा. पण वजनाचं बघा: जुन्या रोबोवाल्यांच्या अंदाजाप्रमाणे ड्राइव्हला ३० टक्के द्यायचे, म्हणजे ८ किलोत २.४ किलो. त्यात सगळं बसलं पाहिजे.

कंट्रोलर

एल२९८एन हा स्वस्त ड्रायव्हर बोर्ड प्रत्येक बाजूला २ अँपियरचा आहे आणि स्वतःच दोनेक व्होल्ट खातो. लाइन फॉलोअरला (रेषेवरून चालणाऱ्या छोट्या रोबोला) ठीक, लढाईला नाही. बीटीएस७९६० या दुसऱ्या ड्रायव्हरवर ४३ अँपियर लिहिलेलं असतं, पण ती चिप करंट रोखते ती मर्यादा आहे, सतत चालवायचा आकडा नव्हे. त्याला मध्ये आर्डुइनोही (प्रोग्रॅम करायचा छोटा बोर्ड) लागतो आणि सिग्नल तुटल्यावर थांबण्याचा कोड स्वतः लिहावा लागतो. सेबरटूथ २×३२ किंवा सायट्रॉनचा स्मार्टड्राइव्ह ड्युओ-३० हा कंट्रोलर रिमोटच्या रिसीव्हरला थेट जोडता येतो. महाग आहेत, पण मोटर वाचवून इथे खर्च करा. पूर्ण वेगात असताना एकदम उलटं चालवलं की क्षणभर करंट स्टॉलच्या दुप्पट जवळ जातो, स्वस्त ड्रायव्हर त्याच क्षणी जातात.

कुणी काय घ्यावं

स्पर्धा दहा दिवसांवर असेल तर त्याच जॉन्सन मोटरी, बाहेरून बेअरिंगचा आधार, मऊ चाकं. तीन-चार आठवडे हातात आहेत आणि लेथवाला ओळखीचा आहे, तर ५०० आरपीएमच्या जॉन्सन, स्थिर आस आणि चेन. मोटर खरंच जळली असेल, गिअर शाबूत असतील, तर ड्रिलच्या मोटरी, त्याही आधार देऊनच. ब्रशलेस पुढच्या हंगामाला, आणि त्याआधी एखाद्या लहान रोबोवर हात बसवून.

बांधून झालं की रोबो लाकडी ठोकळ्यांवर उचलून ३ मिनिटं मागेपुढे चालवा, मोटरला हात लावून बघा. मग जमिनीवर भिंतीला टेकवून दहा सेकंद जोर द्या. चाकं घसरली पाहिजेत, मोटर थांबता कामा नये. शेवटी रबरी हातोडीने चाकावर बाजूने चार दणके द्या आणि परत चालवा. हे रिंगणाआधी गाळ्यात झालेलं बरं.

भाचीच्या टीमकडे पाच आठवडे आहेत. त्यांनी चेन निवडली. आस टर्निंगला दिले आहेत, हबचं बोरिंग या शनिवारी ती स्वतः करणार आहे, मी फक्त शेजारी उभा राहणार.