‘ताओ ते चिंग’ची पेंग्विन आवृत्ती : अनुवादक डी. सी. लाउ

ताओवाद या प्राचीन चिनी विचारपरंपरेची ओळख करून घेण्यासाठी कोणते पुस्तक घ्यावे, असे कोणी विचारले तर मी तिच्या ‘ताओ ते चिंग’ या मूळ ग्रंथाचा डी. सी. लाउ यांनी केलेला आणि १९६३ साली प्रसिद्ध झालेला हा इंग्रजी अनुवाद सुचवतो, आणि तोही मुख्यतः त्याच्या प्रस्तावनेसाठी व परिशिष्टांसाठी.

चीनच्या चौ राजघराण्याच्या दप्तरखान्यातले लाओत्झे राज्याची अवकळा पाहून देश सोडून निघाले आणि खिंडीवरच्या अधिकाऱ्याच्या आग्रहाखातर त्यांनी सुमारे पाच हजार अक्षरांचा ग्रंथ लिहून दिला, ही कथा बहुतेक पुस्तके इतिहास म्हणून सांगून मोकळी होतात. लाउ मात्र तिचा धागान् धागा तपासतात आणि हा ग्रंथ कोणा एकाने लिहिलेला नसून वेगवेगळ्या वचनांचे संकलन आहे, या निष्कर्षाला येतात. राज्ये एकमेकांना गिळत असतानाच्या त्या काळात सामान्य माणसाने तगून कसे राहावे, हा प्रश्न त्यांना या वचनांच्या मुळाशी दिसतो.

प्रस्तावनेतला सर्वांत कसदार भाग दुर्बलतेविषयीचा आहे. बलवान पडतो व दुबळा वर येतो हे चक्र असेच फिरणार असेल, तर दुबळेपणाला धरून राहण्यात हशील काय, असा प्रश्न लाउ उपस्थित करतात. त्यांच्या मते चढण सावकाश व प्रयत्नाने होते, घसरण मात्र झपाट्याने आणि आपोआप होते. त्यामुळे खालीच राहणाऱ्याला धोका नसतो. ताओवादातली ‘वू-वेइ’, म्हणजे ओढूनताणून काही न करण्याची कल्पना, म्हणजे निव्वळ आळस नव्हे, हे मला इथे प्रथमच नीट पटले.

अनुवाद मोजक्या शब्दांतला आहे. अकराव्या अध्यायात तीस आरे एका तुंब्यात येतात, पण चाक चालते ते मधल्या पोकळीमुळे. भांडे, दारे, खिडक्या यांचेही तसेच. लाउ त्यावर एकही शब्द वाढवत नाहीत.

मर्यादाही आहेत. ग्रंथाचे ‘ताओ’ (मार्ग) आणि ‘ते’ (सद्गुण, अंगची शक्ती) असे दोन भाग आहेत; १९७३ मध्ये चीनमधील मावांगद्वी येथील थडग्यात सापडलेल्या रेशमी प्रतींत ‘ते’ हा भाग आधी येतो. लाउ यांनी त्या विचारात घेऊन १९८२ मध्ये हाँगकाँगहून सुधारित आवृत्ती काढली, तेव्हा अभ्यासकांनी तीच घ्यावी. शिवाय परंपरेनुसार इ. स. १४२ मध्ये चांग ताओलिंग यांच्यापासून सुरू झालेला ताओवादाचा संघटित धर्म, त्याचे पुरोहित आणि विधी यांच्यासाठी वाचकाला दुसरे पुस्तक शोधावे लागेल.