खांद्याच्या स्नायूत चरबी किती? सोनोग्राफी की एमआरआय

रोटेटर कफ (खांद्याचा सांधा धरून ठेवणारे चार स्नायू आणि त्यांच्या कंडरा) फाटला की तो शिवून उपयोग होईल का, हे स्नायूत चरबी किती शिरली आहे त्यावरही ठरतं. त्यासाठीची गुटालिए श्रेणी (० ते ४, आकडा मोठा तितकी चरबी जास्त) १९९४ साली सीटी स्कॅनवर बेतलेली. आता ती बहुधा एमआरआयवर वाचतात. एमआरआयच्या एकाच छेदात कफचे चारही स्नायू दिसतात.

सोनोग्राफी स्वस्त, शिवाय हात हलवत बघता येते. चरबी साठलेला स्नायू तिच्यात पांढुरका दिसतो, तंतूंच्या रेघा पुसटतात. पण प्रोब जरा तिरका झाला किंवा गेन (चित्राचा उजळपणा) वाढवला की निरोगी स्नायूचीही छटा बदलते! म्हणून शेजारच्या डेल्टॉइडशी (खांद्यावरच्या मोठ्या स्नायूशी) ताडून पाहतात. हाडामागचं तर तिला दिसतच नाही.

माझ्या मते फाट शोधायला आधी सोनोग्राफी, शस्त्रक्रिया ठरवायला एमआरआय. पेसमेकरमुळे एमआरआय जमत नसेल, तर सोनोग्राफीत मुरलेला रेडिऑलॉजिस्ट गाठावा.