यामाहा यू-१ ट्रान्सअकॉस्टिक: दोष तारांत की वायरीत?

एका पेटीत दोन वाद्यं, असा हा पियानो. १२१ सेंटिमीटर उंचीचा खराखुरा अपराइट (उभा पियानो), शिवाय पट्ट्यांखाली त्यांची हालचाल प्रकाशाने टिपणारे ऑप्टिकल सेन्सर आणि साउंडबोर्डच्या, म्हणजे तारांचा आवाज मोठा करणाऱ्या लाकडी फळीच्या, पाठीला तिला कंप देणारे ट्रान्सड्यूसर. डिजिटल आवाज स्पीकरमधून येत नाही, लाकूडच थरथरतं. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये रात्री अकराला हेडफोन लावून वाजवा, शेजारी कुरकुरणार नाहीत. (खालच्या मजल्यावर पट्ट्यांची टकटक जाते, खाली जाड गालिचा हवाच.) लाईट गेली तरी तारा वाजतात, बिनतारांचे हायब्रिड (खऱ्या पियानोसारख्या पट्ट्या, पण आवाज फक्त डिजिटल) तिथेच गप्प होतात.

अडचण सुरू होते ती आवाज बिघडल्यावर. ट्यूनर बहुधा मुंबई-पुण्याहून येणार, म्हणून फोन लावण्याआधी दोष कुठल्या बाजूला आहे ते ठरवा. डिजिटल बंद करून नुसत्या तारा वाजवा. मग हेडफोन लावून आतला डेमो ऐका. डेमो स्वच्छ आणि तुम्ही वाजवलेलंच बिघडलेलं ऐकू येत असेल, तर ध्वनीचा भाग ठीक आहे. संशय सेन्सरवर घ्यायचा.

नाशकात सर्वाधिक छळतो तो भेसूरपणा. पावसाळ्यात साउंडबोर्ड फुगतो, तारांचा सूर चढतो. एप्रिलच्या कोरड्या हवेत उतरतो. डिजिटल बाजू मात्र ४४० हर्ट्‌झला ठाम. मधली पांढरी सहा ४४२ वर गेली की तारा आणि डिजिटल एकत्र वाजवताना सेकंदाला दोन वेळा ‘वाँव-वाँव’ ऐकू येतं. याला सॉफ्टवेअरचा दोष समजून लोक रीसेट मारत बसतात. डिजिटल सूर सेटिंगमधून वर नेता येतो, पण सगळ्या तारा सारख्या सरकत नाहीत, त्यामुळे ही तात्पुरती मलमपट्टी. वर्षाला दोन ट्यूनिंग धरूनच चला: पावसाळा ओसरल्यावर एक, उन्हाळ्याआधी एक.

ठरावीक सुरालाच झणझण येत असेल तर आधी पियानोवरचे फोटोफ्रेम, मेट्रोनोम उतरवा. एकाने तो सूर जोरात वाजवत राहायचं, दुसऱ्याने पॅनेल, झाकण, बिजागऱ्या एकेक करून हाताने दाबायच्या. हाताखाली आवाज थांबला तिथला स्क्रू ढिला.

लॅपटॉप ऑडिओ केबलने जोडल्यावर घूंऽऽ येते? चार्जर काढा. थांबली तर घरातलं अर्थिंग तपासा, पियानोला हात लावू नका. आवाजच नसेल तर हेडफोनची पिन तशीच राहिली आहे का, लोकल कंट्रोल (पट्ट्यांना आतल्या डिजिटल आवाजाशी जोडणारं सेटिंग) बंद झालंय का ते बघा.

एखादीच पट्टी ओरडते किंवा मुकी राहते, तेव्हा यूएसबीने लॅपटॉप जोडून मिडी मॉनिटर लावा, म्हणजे कुठली पट्टी किती जोरात दाबली ते आकड्यांत दाखवणारं सॉफ्टवेअर. ८८ पट्ट्यांचे क्रमांक २१ ते १०८, जोराचा आकडा १ ते १२७. हळू दाबूनही एकच पट्टी ११०-१२० दाखवत असेल तर तो आकडा लिहून ठेवा आणि तंत्रज्ञाला सांगा. स्वतः पट्ट्या उचलू नका, सेन्सरची जुळणी बिघडते.

ट्यूनरला एक गोष्ट बजावा. सायलेंट यंत्रणेत (हेडफोनवर वाजवताना हातोड्या तारांना लागण्याआधी अडवणारी) लेट-ऑफ, म्हणजे हातोडी पट्टीच्या ढकलण्यातून सुटते तो बिंदू, साध्या पियानोपेक्षा तारेपासून लांब ठेवलेला असतो. सवयीने त्याने तो जवळ आणला, तर सायलेंटमध्ये हातोडीचा दांडा सुटण्याआधीच अडसराला धडकतो आणि पट्टी अडते. लेट-ऑफ लांब असल्याने अगदी हळुवार वाजवताना पकड किंचित सैल वाटते. ते या वाद्याचं अंगभूत, दुरुस्त होणारं नाही.