खानापूरच्या जंगलपट्ट्यात आरोग्य उपकेंद्राची सेवा
सरकारी निकष असा: सपाटीवर ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र (गावपातळीवरचा सरकारी दवाखाना), डोंगराळ-आदिवासी भागात ३,०००; प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी ३०,००० आणि २०,०००. बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी-चिकोडीच्या दाट वस्तीला हा हिशोब बरा लागू पडतो. त्याच जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, भीमगडच्या जंगलातल्या आमगाव, गवाळीसारख्या गावांना मात्र नाही. डोकी मोजून अंतर कळत नाही, आणि पावसाळ्यात नाले भरले की गाडीच अडते. गाव सपाटीचं की डोंगराळ ही वर्गवारी करताना जुलैतला प्रवासाचा वेळ धरायलाच हवा.

लसीकरण, गरोदर बाईची तपासणी, रक्तदाब-साखरेच्या गोळ्या यांसाठी उपकेंद्र उत्तम, शिवाय मोफत. साप चावल्यास तिथे थांबू नका. १०८ला फोन लावा, प्रतिसर्पविष (सापाच्या विषावरचं औषध) असलेलं रुग्णालय गाठा. बाळंतपण पावसाळ्यात असेल तर तारखेच्या आठवडा-दोन आठवडे आधीच खानापुरात नातेवाइकांकडे मुक्काम हलवावा.