जॉन ऑलिव्हरचा वैद्यकीय कर्जावरचा भाग : मेडिकल बिलिंगवाल्यांनी तरी बघाच

मी पुण्यात बसून अमेरिकेतल्या डॉक्टरांचं बिलिंग बघते. रात्रपाळी, कानाला हेडसेट, पलीकडे इन्शुरन्स कंपनीचा माणूस. क्लेम का अडकला ते विचारायचं, दुरुस्त करून पुन्हा पाठवायचा. स्क्रीनवर ‘पीआर-१’ कोड दिसला की आमचं काम जवळपास संपतं. रक्कम डिडक्टिबलमध्ये गेली, म्हणजे विमा लागू होण्याआधी पेशंटने स्वतः भरायच्या वाट्यात; इन्शुरन्स देणार नाही, पेशंटने भरायची. त्याने भरली नाही तर काही महिन्यांनी खातं वसुलीवाल्यांकडे जातं, आणि पुढचं आम्हाला दिसत नाही. ‘लास्ट वीक टुनाइट’चा ५ जून २०१६चा भाग नेमका तिथून पुढचं दाखवतो.

एचबीओ या अमेरिकन वाहिनीवरचा हा विनोदी कार्यक्रम २०१४ पासून चालू आहे. जॉन ऑलिव्हर टेबलामागे बसून वीसेक मिनिटं एकच विषय लावून धरतो. इथे विषय आहे थकीत कर्जं विकत घेणाऱ्या कंपन्यांचा. त्या जुनी बिलं रद्दीच्या भावात घेतात आणि वसुलीला मात्र पूर्ण रकमेसाठी मागे लागतात. बऱ्याचदा मूळ कागद हातात नसतात, नुसती यादी असते. त्या यादीवर लोकांना कोर्टात खेचलं जातं आणि माणूस तारखेला आला नाही की एकतर्फी निकाल लागतो.

मग ऑलिव्हरची टीम स्वतःच अशी कंपनी काढते. मिसिसिपी राज्यात, ऑनलाइन, ५० डॉलरमध्ये. लवकरच त्यांच्यापुढे सौदा येतो: सुमारे ९,००० लोकांची मिळून जवळजवळ दीड कोटी डॉलरची वैद्यकीय बिलं, किंमत ६०,००० डॉलरहून कमी. हजार डॉलरचं बिल चार डॉलरला पडलं. सोबत प्रत्येकाचं नाव, पत्ता, सोशल सिक्युरिटी नंबर (तिथला सरकारी ओळख क्रमांक). मी इथे व्हिडिओ थांबवला. आमच्याकडे मोबाइल लॉकरमध्ये ठेवूनच फ्लोअरवर जाता येतं, पेशंटची जन्मतारीख कागदावर टिपून घ्यायलाही बंदी आहे. आणि तीच माणसं कालपरवा उघडलेल्या कंपनीला यादीत बांधून मिळतात! संताप येतो.

ऑलिव्हर ते सगळं कर्ज ‘आरआयपी मेडिकल डेट’ या संस्थेमार्फत माफ करून टाकतो, म्हणजे माफीच्या रकमेवर लोकांना टॅक्सही बसू नये. तो मोठं लाल बटण दाबतो तेव्हा मला खूप बरं वाटलं. त्यातल्या कितीतरी खात्यांवर आमच्यासारख्या कुणीतरी एक कोड बघून फाइल पुढे सरकवली असणार.

एक तक्रार आहे. हे कर्ज मुदतबाह्य होतं, म्हणजे कोर्टाच्या दृष्टीने वसुलीची वेळ उलटून गेलेली. ऑलिव्हर ते सांगतो, पण भरभर. बऱ्याच राज्यांत अशा जुन्या कर्जापोटी घाबरून थोडे जरी पैसे भरले तरी मुदत नव्याने सुरू होऊ शकते. फोन आलेल्या माणसाला सगळ्यात जास्त उपयोगी पडेल ती हीच गोष्ट, तिला आणखी दोन मिनिटं मिळायला हवी होती. विनोद अधूनमधून कमी केले असते तरी चाललं असतं. मुद्दा चढत असतानाच मध्ये प्राणी वगैरे आणतो आणि धागा तुटतो.

बिल मुळात एवढं का येतं, हे या भागात नाही. त्यासाठी फेब्रुवारी २०२० मधला ‘मेडिकेअर फॉर ऑल’वरचा, म्हणजे सगळ्यांना सरकारी आरोग्य विमा द्यायच्या प्रस्तावावरचा भाग बघा. खर्च, वेटिंग, डॉक्टर निवडायची मोकळीक, असे एकेक आक्षेप घेऊन तो बोलतो. २०१७चा डायलिसिसवरचा भागही चांगला आहे. मेडिकेअर हा एरवी मुख्यतः ६५च्या पुढच्यांसाठीचा सरकारी विमा, पण किडनी निकामी झालेल्यांना तो जवळपास कुठल्याही वयात मिळतो, ते राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या काळातल्या १९७२च्या कायद्यामुळे. आमच्याकडे डायलिसिसचे क्लेम करणाऱ्या मुलींनाही हे ठाऊक नव्हतं.

मुख्य भाग यूट्यूबवर फुकट आहेत. तो फार वेगात बोलतो, तेव्हा सबटायटल लावा. शिव्या भरपूर आहेत, लहान मुलांसमोर नको. नव्या बॅचला कोड पाठ करून घेण्याआधी २०१६चा भाग दाखवा, असं मी आमच्या ट्रेनर मॅडमना सांगितलंय.